चिंतामणीला विचारा, बिल्डरलाही विचारा!

तुळजाभवानीच्या दर्शनाला गेलात, की पावलं चिंतामणीकडे वळतातच. हा एक गोल दगड. त्यावर दोन्ही हात ठेवायचे आणि मनात प्रश्न धरायचा. उजवीकडे फिरला तर होय, डावीकडे तर नाही आणि हललाच नाही तर काम व्हायला वेळ आहे. लग्नापासून प्रमोशनपर्यंत कुठलाही प्रश्न चालतो!

म्हणजे, सगळं आधीच ठरलेलं असतं? जरा थांबा. इथे आपण दोन गोष्टींची गल्लत करतो. दैववाद म्हणतो, काहीही करा, व्हायचं ते होणारच. नियतिवाद म्हणतो, प्रत्येक घटनेमागे कारण असतं; कारणं तीच, तर परिणामही तोच. फ्रेंच गणिती लाप्लासने १८१४ मध्ये तर असं मांडलं, की विश्वातल्या प्रत्येक कणाची जागा आणि सगळी बलं ज्याला कळतील, त्याला उद्याचा दिवसही कालच्याइतकाच स्वच्छ दिसेल.

नुसता शब्दांचा खेळ वाटतोय? मग याच धाराशिव जिल्ह्यातलं सास्तूर आठवा. ३० सप्टेंबर १९९३, पहाटेचे ३ वाजून ५६ मिनिटं. गणपती विसर्जन करून लोक गाढ झोपलेले. त्या भूकंपाने लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात मिळून सुमारे १० हजार माणसं नेली. ‘नशीब’ म्हणून सोडून देता आलं असतं. पण कारण समोर पडलेलं होतं: मातीत रचलेल्या जाडजूड दगडी भिंती आणि वर माळवदाचा प्रचंड भार. भिंती फुटल्या आणि माळवद झोपलेल्यांवर कोसळलं. त्यामानाने हलक्या झोपड्या तगल्या.

भूकंप कधी होईल, हे आजही नेमकं सांगता येत नाही. जमिनीखालचा ताण आपल्या हातात नाही. भिंत मात्र आहे. म्हणून पुनर्वसनात भूकंपरोधक घरं आली. सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात धरलेला हा भाग २००२ मध्ये झोन तीनमध्ये गेला.

मग आपले निर्णयही आधीच ठरलेले? लाप्लासचं ऐकलं तर हो. पण तुमचा निर्णय हीसुद्धा त्याच साखळीतली एक कडी आहे. तो न घेता पुढची कडी जुळत नाही.

तेव्हा ‘माझ्या नशिबातच नाही यार’ म्हणण्याआधी कारणं शोधा. चिंतामणीला जरूर विचारा. फक्त फ्लॅट बुक करताना बिल्डरलाही विचारा, बिल्डिंग भूकंपरोधक आहे ना?