‘एम्परर अशोक’चे झरोके : जुन्या विमानाचा पोशाख सिम्युलेटरवर कसा उतरवतात

मंडळी, विमानाच्या अंगावरचे पट्टे, अक्षरं, चिन्हं या सगळ्याला मिळून लिव्हरी म्हणतात. कंपनीचा पोशाखच म्हणा ना. देहूच्या या व्याख्यानात आपण एकाच विमानाचा पोशाख बघू. एअर इंडियाचं पहिलं बोईंग ७४७, नाव ‘एम्परर अशोक’, नोंदणी व्हीटी-ईबीडी. १९७१ मध्ये ते ताफ्यात आलं. आकाशातला महाल अशी त्याची जाहिरात होती, म्हणून प्रत्येक खिडकीभोवती झरोक्याची लाल कमान रंगवलेली. १ जानेवारी १९७८ ला ते वांद्र्यासमोरच्या समुद्रात कोसळलं, आतले सगळे २१३ जण गेले. जाऊन फूटपट्टी लावावी असं विमान उरलेलं नाही. हातात आहेत ते फक्त फोटो.

सिम्युलेटरमधलं विमान हा नुसता पोकळ आकार असतो. त्यावर सपाट चित्र गुंडाळायचं; शिंपी कापड बेततो तसंच. चित्राची रुंदी बहुधा ४०९६ ठिपके. विमान सुमारे ७० मीटर लांब. ते एका चित्रात बसवलं तर एक ठिपका साधारण १.७ सेंटिमीटरचा होतो, आणि कमानीची बारीक रेघ करवतीसारखी दातेरी दिसते. म्हणून आम्ही धड दोन-तीन चित्रांत विभागतो.

मापं कुठून आणायची? ७४७ च्या खिडक्यांमधलं अंतर २० इंच, म्हणजे जवळपास ५१ सेंटिमीटर. हीच आपली पट्टी! तिरप्या फोटोत लांबच्या खिडक्या जवळजवळ येतात, तरी खरं अंतर तेवढंच. पट्टा कुठे वळतो, अक्षर कुठे सुरू होतं, ते खिडक्या मोजून ठरवायचं. मॉडेल मात्र ७४७-२०० चंच घ्या. ४०० चा वरचा मजला लांब, पंखांची टोकं वर वळलेली. त्यावर हे रंग म्हणजे आजोबांचा कोट नातवाला. शिवाय काही मॉडेलांत दोन्ही बाजूंना एकच चित्र उलटं करून वापरतात. पट्ट्यांना ते चालतं, नोंदणीची अक्षरं मात्र आरशातली होतात.

खरी डोकेदुखी लाल रंगाची. चाकणच्या पेंटशॉपमध्ये काम करणारे इथे असतील, त्यांना सांगायला नको: ट्यूबलाइटखालचा लाल आणि उन्हातला लाल वेगळा. त्यात जुन्या फिल्मचा रंग उतरलेला, स्कॅनरने आणखी बदललेला. आम्ही फोटोतला रंग थेट उचलत नाही. आधी त्याच फोटोतला पांढरा भाग पांढरा करून घेतो, मग लाल बघतो, तोही चार-पाच वेगवेगळ्या फोटोंत. चित्रात ऊन-सावली रंगवायची नाही. ते काम सिम्युलेटरचं. चकाकीचा थर वेगळा द्यायचा.

मघाशी एका ताईंनी विचारलं, इतकी माणसं गेली, तेच विमान कशाला? प्रश्न रास्त आहे. आमच्यात यावर वाद झाला. ठरलं ते असं: नोंदणी खरीच लिहायची, कारण ती बदलली तर ही नोंद राहत नाही, पण त्या रात्रीचं उड्डाण खेळ म्हणून तयार करायचं नाही.

आता मागचे दिवे जरा बंद करा, पडद्यावर फाईल उघडतो. उजव्या बाजूच्या खिडक्या अजून व्हायच्या आहेत.