म्युलरांचं दळण

१७९४ साली जर्मनीतल्या देसाऊ या गावी एका शिंप्याच्या घरी मुलगा जन्मला. त्याचं नाव व्हिल्हेल्म म्युलर. म्युलर म्हणजे दळण दळून देणारा, आपल्या बोलीत गिरणीवाला. बापाच्या हातात सुई-कात्री आणि आडनाव मात्र पिठाचं! मुलगा पुढे कवी झाला. १८१६च्या सुमारास बर्लिनमध्ये एका बड्या सरकारी अधिकाऱ्याच्या दिवाणखान्यात तरुण मंडळींनी गाण्यांचं एक नाटुकलं रचायला घेतलं. गिरणीवाल्याची देखणी लेक आणि तिच्यावर भाळलेली पोरं, अशी गोष्ट. गिरणीत काम करणाऱ्या पोराची भूमिका कुणी करायची, यावर फार खल झाला नसावा. आडनावच म्युलर, मग दुसरा कोण? त्या खेळातून सुरू झालेल्या कवितांना संगीतकार शूबर्टने १८२३ साली चाली लावल्या. गिरणीवालीच्या नावाची ती गीतमाला आजही जगभर गायली जाते. त्याच वर्षी ६ डिसेंबरला देसाऊत या कवीला मुलगा झाला. फ्रीडरिश मॅक्स म्युलर. ऋग्वेदवाला, आपला मॅक्सम्युलर.

म्युलर हे जर्मनीतलं सर्वांत जास्त आढळणारं आडनाव आहे. स्वित्झर्लंडमध्येही पहिला नंबर त्याचाच. जर्मन शिकवणारं कुठलंही जुनं पाठ्यपुस्तक उघडा, पहिल्या-दुसऱ्या धड्यात कुणी तरी ‘हेर म्युलर’, म्हणजे श्रीयुत म्युलर, हॅट काढून नमस्कार करत उभे असतातच. पण दळणाऱ्यांची एवढी गर्दी झाली कशी? शेतकरी त्यांच्यापेक्षा कितीतरी जास्त होते. मग शेतकऱ्याचं आडनाव पहिलं का नाही?

आधी शब्द पाहू. म्युलर हा शब्द अस्सल जर्मन वाटतो, पण तो लॅटिनमधून आला आहे. उत्तरकालीन लॅटिनमध्ये गिरणीला ‘मोलिना’ आणि ती चालवणाऱ्याला ‘मोलिनारियुस’ म्हणत. पाण्यावर फिरणारी चक्की रोमनांनी उत्तरेकडे नेली आणि वस्तूबरोबर तिचं नावही गेलं. इसवी सनाच्या चौथ्या शतकात आउसोनियुस या रोमन कवीने मोझेल नदीवर दीर्घकाव्य लिहिलं. तिला मिळणाऱ्या एका छोट्या नदीवर धान्य दळणाऱ्या आणि संगमरवर कापणाऱ्या चक्क्यांचा उल्लेख त्यात येतो. ती जागा आजच्या जर्मनीत, ट्रीअर शहराच्या शेजारी आहे. ‘मोलिनारियुस’चं जुन्या जर्मनमध्ये ‘मुलिनारी’ झालं, मधल्या काळात ‘म्युल्नर’, आणि मग जिभेने ‘ल्न’चा खडा दळून ‘ल्ल’ केला. ऑस्ट्रियाकडे तो ‘न’ अजून शिल्लक आहे. तिथे म्युल्नर आडनावाची माणसं भेटतात.

मग रोमन येण्याआधी जर्मन लोक काय दळतच नव्हते? दळत होते की, हाताने, दोन दगडांत. त्या हातजात्याला त्यांचा स्वतःचा शब्द होता. गॉथिक भाषेत तो ‘क्वैर्नुस’ असा सापडतो, इंग्रजीत तो ‘क्वर्न’ म्हणून उरला. भाषाशास्त्रज्ञ त्याचं नातं थेट संस्कृतशी लावतात: ‘ग्रावन्’. ऋग्वेदात सोमवल्ली ठेचायचे दगड ते ग्रावन्, आणि त्यांना उद्देशून सूक्तंसुद्धा आहेत. म्हणजे ज्या माणसाने ऋग्वेद छापून जगापुढे ठेवला, त्याच्या आडनावात लॅटिन जातं फिरतं आहे. आणि त्याच्या पूर्वजांनी टाकून दिलेलं खरं घरचं जातं ऋग्वेदात बसलेलं आहे. शब्दांच्या इतिहासात असे गमतीदार योग येतात. त्यातून सिद्ध काही होत नाही, पण मला हा योग फार आवडतो.

हातजातं आणि पाणचक्की हा फरक आडनावाच्या दृष्टीने निर्णायक आहे. आपल्याकडे बघा. बारा बलुतेदारांत सुतार, लोहार, कुंभार, न्हावी, परीट सगळे आहेत. दळणारा नाही. कारण दळण हा धंदाच नव्हता. पहाटे उठून घरच्या जात्यावर बायका दळत, ओव्या गात. तेल गाळायला घाणा लागे, घाण्याला बैल आणि भांडवल लागे, म्हणून तेली झाला. धान्य दळायला घरातली बाई पुरे. तिच्या श्रमाला ना बलुतं, ना आडनाव. औरंगाबादच्या पाणचक्कीसारखे अपवाद आहेत, पण अपवादातून आडनाव घडत नाही. जर्मनीत दळण बाईच्या हातून सुटून ओढ्याकाठच्या यंत्राकडे गेलं, तसा तो पुरुषाचा धंदा झाला आणि धंद्याचं नाव झालं.

यंत्र बांधणं सोपं नव्हतं. बांध घालायचा, पाट काढायचा, ओकच्या लाकडाचं चाक बसवायचं. हा खर्च करणार जमीनदार किंवा मठ. खर्च केला की वसुली आली. म्हणून जहागिरीतल्या सगळ्या कुळांनी आपलं धान्य मालकाच्याच चक्कीवर आणायचं, दुसरीकडे न्यायचं नाही, असा दंडक झाला. काही ठिकाणी घरात जातं ठेवायलाही बंदी होती. प्रशियात ही सक्ती संपली ती १८१० साली.

दळणवाल्याची मजुरी पैशात नसे. आणलेल्या धान्यातलाच ठरलेला वाटा तो ठेवून घेई, पुष्कळ ठिकाणी सोळावा. आपलं बलुतंही धान्यातच, पण ते सुगीला, खळ्यावर, चारचौघांसमोर. इथे प्रत्येक खेपेला, चक्कीच्या अंधारात, माप दळणवाल्याच्याच हातात. मग संशय येणारच. दळणवाला चोर, हे गृहीत धरून जर्मन लोककथा आणि म्हणी रचल्या गेल्या. शहरांतल्या कारागीरसंघांनी दळणवाल्यांच्या पोरांना ‘हलक्या’ धंद्यातली म्हणून उमेदवारीला घ्यायचंही नाकारलं. असं करू नका, असं १५४८ साली पवित्र रोमन साम्राज्याच्या फर्मानात सांगावं लागलं आणि १५७७ साली पुन्हा बजावावं लागलं. पुन्हा बजावावं लागलं, यातच पहिल्या फर्मानाचं काय झालं ते कळतं.

गंमत म्हणजे याच संशयित माणसाच्या दारात कायद्याचा एक सुंदर नियम जन्मला. तेराव्या शतकाच्या पूर्वार्धात आइक फॉन रेपगाऊ याने सॅक्सन रूढींचा ग्रंथ रचला. त्यात चक्कीवर आधी येईल त्याचं दळण आधी, असा दंडक आहे. तो पुढे जर्मन म्हण होऊन बसला. रांगेत घुसणाऱ्याला आजही जर्मन माणूस दळणाचीच आठवण करून देतो. या आइकचं गाव देसाऊच्या जवळच आहे.

आता मूळ प्रश्न. बाराव्या शतकापर्यंत जर्मन माणसाला एकच नाव पुरत होतं. मग शहरं फुगली, करांच्या याद्या आल्या, आणि एका यादीत दहा योहान निघाले. तेव्हा शेजाऱ्यांनी त्यांना वेगळं काढलं: टकल्या योहान, डोंगराखालचा योहान, दळणवाला योहान. टोपणनाव बापाकडून मुलाकडे गेलं की त्याचं आडनाव होतं. यातली खोच अशी की शेजारी माणसाला त्याच्या वेगळेपणावरून ओळखतात. ज्या गावात पन्नास घरं शेतकऱ्यांची आहेत, तिथे ‘शेतकरी योहान’ म्हणून काय कळणार? दळणवाला मात्र गावात एकच. लोहारही एकच. म्हणून ही नावं चिकटली. आणि असं एकेकटं गाव हजारोंनी होतं. गावात जो एकटा होता, तो देशभर मोजला तर लाखांत निघाला.

मराठी वाचकाला हे समजावून सांगायची गरज नाही. गावाला कुलकर्णी एक, पाटील एक, जोशी एक. आज सभागृहात ‘कुलकर्णी’ अशी हाक मारून बघा, किती माना वळतात!

नाव चिकटलं तरी धंदा चिकटून राहत नाही. अठराव्या शतकापर्यंत दोघांची पुरती फारकत झालेली होती. प्रशियाचा राजा फ्रेडरिक द ग्रेट याच्या न्यायाची दोन प्रकरणं जर्मनीत प्रसिद्ध आहेत. एक सांसुसी राजवाड्याशेजारच्या पवनचक्कीवाल्याचं, ते बरंचसं दंतकथेतलं. दुसरं खरं, १७७९चं. एका गरीब दळणवाल्यावर अन्याय झाला अशा समजुतीने राजाने चक्क न्यायाधीशांनाच तुरुंगात धाडलं. पहिल्या दळणवाल्याचं आडनाव ग्रेव्हेनित्स, दुसऱ्याचं आर्नोल्ड. चक्की चालवणारे आर्नोल्ड आणि कपडे शिवणारे म्युलर, असा तो काळ.

मोजणीकडे वळू. फ्रायबुर्ग आणि माइन्त्स इथल्या विद्यापीठांतल्या अभ्यासकांनी जर्मन आडनावांचा नकाशासंग्रह केला. २००९ ते २०१८ या काळात त्याचे खंड निघाले. आधार घेतला तो २००५ सालच्या घरगुती टेलिफोन जोडण्यांच्या यादीचा. मोबाइलने घरचे फोन बंद पाडण्याआधी ही यादी हाती लागली, हे अभ्यासाचं नशीब. तिच्यात म्युलर अडीच लाखांहून जास्त निघाले. दुसरा आला श्मिट, म्हणजे लोहार, सुमारे एक लाख नव्वद हजार. अंतर मोठं दिसतं, पण त्यात एक मेख आहे. म्युलर हे बव्हंशी एकाच लेखनात एकवटलं आहे. लोहार मात्र श्मिट, श्मिट्स, श्मीड अशा अनेक लेखनांत विखुरले. ते सगळे एका पारड्यात घातले, तर म्युलरांचा पहिला नंबर धोक्यात येतो. आणि पहिला नंबर असूनही शंभर जोडण्यांमागे म्युलर पुरता एकही भरत नाही, इतकी जर्मन आडनावं नाना तऱ्हेची आहेत.

नकाशावर या नावाचे उच्चारही भूगोलाप्रमाणे बदलतात. म्युलर मध्य आणि नैर्ऋत्य जर्मनीत दाट, झारलांडमध्ये तर फारच. उत्तरेकडे हाम्बुर्ग आणि श्लेस्विग-होल्स्टाइनमध्ये तोच म्योलर होतो. आउग्सबुर्गच्या बाजूला मिलर, कारण ओठांचा चंबू करून म्हणायचा जर्मन ‘यु’ तिथल्या बोलीत सरळ ‘इ’ होतो. अमेरिकेत गेलेले कित्येक म्युलर मिलर झाले ते मात्र इंग्रजीच्या सोयीसाठी. काही घराण्यांनी नाव पुन्हा लॅटिनमध्ये नेलं आणि मोलितोर झाले. गिरण्यांचे प्रकारही नावांत राहिले: ओल्म्युलर तेलाचा, झेगम्युलर लाकूड कापायच्या गिरणीचा, लोम्युलर कातडी कमावणाऱ्यांसाठी झाडाची साल कुटणारा. वरच्या अंगाच्या चक्कीचा ओबरम्युलर, खालच्या अंगाचा नीडरम्युलर. आपल्या खालच्या आळी-वरच्या आळीसारखंच.

पण आडनावाचं पहिलं काम माणूस वेगळा काढणं. म्युलर ते काम कधीच करेनासा झाला होता, म्हणून या नावातून सुटायची खटपट फार जुनी आहे. पंधराव्या शतकातला थोर खगोलशास्त्रज्ञ रेगिओमोंटानुस हा जन्माने योहानेस म्युलर. त्याचं गाव क्योनिग्सबेर्ग, म्हणजे राजाचा डोंगर. त्याचंच हे लॅटिन. मराठीत त्याला आपण सरळ ‘राजगडकर’ म्हटलं असतं. गेल्या शतकात दोनदा जर्मनीचा चान्सलर झालेला हेर्मान म्युलर संसदेतल्या इतर म्युलरांपासून ओळखू यावा म्हणून मतदारसंघ जोडून म्युलर-फ्रांकेन म्हणवला जाई. आजच्या जर्मन संसदेतही सारख्या आडनावाच्या सदस्यांपुढे कंसात गाव लिहितात. एरवी जर्मनीत आडनाव बदलणं महाकठीण, सबळ कारण दाखवावं लागतं. पण अतिपरिचित आडनावांना तिथे ‘सामूहिक नावं’ असा वर्ग आहे, आणि असं नाव असणं हेच पुरेसं कारण मानलं जातं.

मॅक्सम्युलरने वेगळी युक्ती केली. फ्रीडरिश हे नाव मामाचं. मॅक्स हे व्हेबरच्या त्या काळी गाजत असलेल्या एका ऑपेरातल्या नायकाचं. (व्हेबर म्हणजे विणकर, कोष्टी. ऋग्वेद दळणवाल्याने छापला, आणि जवळपास त्याच वर्षांत बर्लिनमध्ये शुक्ल यजुर्वेद संपादणाऱ्या पंडिताचं नाव आल्ब्रेश्ट व्हेबर!) इंग्लंडमध्ये स्थायिक झाल्यावर, म्युलर म्हणजे उगाच कुणीही, असं वाटून त्याने मॅक्स आडनावालाच जोडून टाकलं. मुलगा पुढे ब्रिटनचा राजनैतिक प्रतिनिधी म्हणून वॉर्सात राहिला, तोही मॅक्स-म्युलर हेच आडनाव घेऊन.

आपल्या पंडितांसाठी त्याने आणखी एक नाव धारण केलं. १८४९ ते १८७४ या काळात सायणभाष्यासह निघालेल्या ऋग्वेदाच्या सहा खंडांत तो स्वतःला शर्मण्य देशात जन्मलेला, गोतीर्थाचा रहिवासी मोक्षमूलर म्हणवतो. शर्मण्य म्हणजे जर्मनी, गोतीर्थ म्हणजे ऑक्सफर्ड. दळणवाल्याच्या नावात ‘मोक्ष’ही आला, ‘मूळ’ही आलं, पीठ तेवढं उडून गेलं. १८९७ साली टिळकांना राजद्रोहाची शिक्षा झाली, तेव्हा त्यांच्या सुटकेच्या अर्जावर सही करणाऱ्यांत हा मोक्षमूलर होता. ऋग्वेदाच्या आपल्या दुसऱ्या आवृत्तीची प्रतही त्याने टिळकांसाठी तुरुंगात धाडली.

पुण्या-मुंबईत जर्मन शिकायला मॅक्सम्युलर भवनात जाणारी मुलं आजही ‘मॅक्सम्युलरला जातो’ म्हणतात, एका दमात, एकच शब्द असल्यासारखं. त्याला हवं होतं ते अगदी तसंच. जुन्या ग्रंथालयात त्याचं पुस्तक शोधायचं असेल, तर यादीत आधी ‘मॅ’खाली बघा. नाही सापडलं, तर ‘म्यु’खाली.