कर्जात बुडालेला क्लब सावरतो कसा?

२० मार्च २०२२ च्या रात्री गोव्याच्या फातोर्डा स्टेडियमवर हैदराबाद एफसीचा गोलरक्षक लक्ष्मीकांत कट्टिमणी याने केरला ब्लास्टर्सच्या तीन पेनल्टी अडवल्या आणि इंडियन सुपर लीगचा (आयएसएल) चषक हैदराबादला गेला. हा क्लब निघून तीन वर्षंही झाली नव्हती. लीगमध्ये त्याने घेतलेली जागा २०१९ पर्यंत पुण्याची होती. पुण्याचं संकट लीगच्या पथ्यावरच पडलं म्हणायचं, असं तेव्हा म्हणता आलं असतं. मात्र त्या हिशेबात पुण्याचा प्रेक्षक कुठेच धरलेला नसता.

एफसी पुणे सिटी २०१४ मध्ये लीगबरोबरच सुरू झाला. वाधवान समूह मालक, अभिनेता हृतिक रोशन सहमालक, इटलीचा फिओरेंटिना क्लब भागीदार आणि पहिल्याच मोसमात फ्रान्सचा विश्वविजेता डेव्हिड त्रेझेगे संघात. बालेवाडीला सामने होत. २०१७-१८ मध्ये संघ उपांत्य फेरीपर्यंत गेला. पुढे वाधवानांची डीएचएफएल ही गृहकर्ज कंपनी गोत्यात आली, क्लबकडे येणारा पैसा आटला, पगार थकले. ऑगस्ट २०१९ मध्ये पुण्याच्या जागी हैदराबादची घोषणा झाली. त्याच नोव्हेंबरात रिझर्व्ह बँकेने डीएचएफएलचं संचालक मंडळ बरखास्त केलं.

मालक बुडाला की त्याच्या भरवशावर बसलेल्यांचं काय होतं, हे खान्देशात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. भाईचंद हिराचंद रायसोनी पतसंस्थेवर अवसायक बसला तेव्हा ठेवपावत्या हातात घेऊन हेलपाटे घालणारी माणसं आपण जळगावात पाहिली आहेत. तरी ठेवीदाराचं नाव निदान अवसायकाच्या यादीत असतं. क्लबवर जीव टाकणाऱ्या प्रेक्षकाचं नाव कुठल्याच यादीत नसतं.

हैदराबादचंही पुढे तेच झालं. चषकानंतर दोनच वर्षांत पगार थकले, खेळाडू करार मोडून निघून गेले. २०२३-२४ च्या मोसमात २२ सामन्यांत एक विजय मिळवून संघ तळाला राहिला. नवा मालक आला आणि २०२५ मध्ये क्लब दिल्लीला गेला. आता त्याचं नाव स्पोर्टिंग क्लब दिल्ली. एकाच जागेने सहा वर्षांत तीन शहरं पाहिली.

पुण्याचा भागीदार फिओरेंटिना स्वतः २००२ मध्ये दिवाळखोर झाला होता. पण फ्लोरेन्सच्या महापौरांनी पुढाकार घेऊन नवी संस्था उभी केली, संघ चौथ्या श्रेणीत उतरला आणि २००४ मध्ये पुन्हा पहिल्या श्रेणीत आला. शहर तेच, प्रेक्षक तेच. आमच्याकडे भागीदारी आली, हा धडा मात्र आला नाही.

जर्मनीतल्या बोरुसिया डॉर्टमुंडची कथा याहून बोलकी आहे. शेअर बाजारात उतरलेला तो पहिला जर्मन क्लब. आलेला पैसा महागड्या खेळाडूंवर उडाला, स्टेडियम एका गुंतवणूक फंडाला विकून भाड्याने घ्यावं लागलं, इतकंच काय, बायर्न म्युनिक या कट्टर प्रतिस्पर्ध्याकडून २० लाख युरो उसने घेण्याची पाळी आली. १४ मार्च २००५ ला डसेलडॉर्फ विमानतळावर त्या फंडाच्या गुंतवणूकदारांची सभा भरली. त्यांनी नकार दिला असता तर क्लब संपला असता. त्यांनी सवलत द्यायला होकार दिला. मग खर्चाला कात्री लागली आणि तरुण खेळाडूंवर भिस्त ठेवणं भाग पडलं. २००८ मध्ये युर्गन क्लॉप प्रशिक्षक म्हणून आले आणि २०११ व २०१२ अशी सलग दोन विजेतेपदं मिळाली. संकट आलं म्हणून हे घडलं, असं मला वाटत नाही. कारभार सभासदांच्या संस्थेकडेच राहिला होता, म्हणून क्लब उचलून दुसऱ्या गावी नेणं कुणाला शक्य नव्हतं.

इंग्लंडच्या पोर्ट्समथने २००८ मध्ये एफए कप जिंकला आणि दोनच वर्षांत त्याच्यावर दिवाळखोरीचा प्रशासक बसला. घसरत घसरत क्लब चौथ्या श्रेणीत पोहोचला. २०१३ मध्ये प्रेक्षकांनी प्रत्येकी हजार पौंडांचे भाग घेऊन तो विकत घेतला आणि जुनी देणी फेडत आणली. २०१७ मध्ये अमेरिकी उद्योजकाला विकायचा की नाही, हेही भागधारकांनीच मत देऊन ठरवलं. २०२४ मध्ये पोर्ट्समथ दुसऱ्या श्रेणीत परतला. म्हणजे सावरायला अकरा वर्षं लागली. त्याच देशात १८८५ सालचा बरी क्लब मात्र २०१९ मध्ये लीगमधून काढून टाकला गेला. संकट दोघांवरही आलं होतं.

महाराष्ट्रात तर पैशांची चणचण नसतानाही क्लब बंद पडले आहेत. २००५-०६ चा राष्ट्रीय विजेता महिंद्रा युनायटेड २०१० मध्ये कंपनीच्या एका निर्णयाने थांबला. याउलट कोल्हापूरकडे बघा. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार या तालमींचे संघ पेठेच्या जिवावर उभे आहेत. शाहू स्टेडियमवर त्यांच्या सामन्याला जी गर्दी लोटते, ती पेठेची म्हणून येते. मालकच नसल्यामुळे मालक पळून जाण्याची धास्ती तिथे नाही. त्यांचा फुटबॉल आयएसएलच्या तोडीचा नाही, हे खरं. पण तो उद्या दिल्लीला जाणार नाही.

जळगाव, धुळे, भुसावळमध्ये आज व्यावसायिक क्लब नाही. पण उद्या कुणी बडा देणगीदार पुढे येईल, जर्सीचं अनावरण होईल, पुढाऱ्यांचे सत्कार होतील. त्या वेळी मुलाला संघात घालण्याआधी पालकांनी आणि वर्गणी देणाऱ्यांनी पहिल्याच सभेत विचारावं: मैदानाचा करार संस्थेच्या नावावर आहे का, आणि किती वर्षांचा? देणगीदाराने हात आखडता घेतला तर मोसम पुरा करण्याइतका पैसा बँकेत आहे का? क्लबचं नाव आणि जागा सभासदांच्या मताशिवाय विकता येणार नाही, असं नियमावलीत लिहिलं आहे का? जमाखर्च दरवर्षी सभेपुढे येणार का? उत्तरं लेखी मिळाली तरच वर्गणीची पावती फाडा.