दिवाणखान्यातील समुद्राचे वेळापत्रक

भाईंदर : मरिन ड्राइव्हवरील तारापोरवाला मत्स्यालयाने १९५१ पासून मुंबई परिसरातील कित्येक पिढ्यांना समुद्राच्या पोटातील दुनिया काचेआडून दाखविली. पुढे २००३ मध्ये ‘फाइंडिंग निमो’ हा चित्रपट आला आणि केशरी-पांढऱ्या पट्ट्यांचा क्लाउनफिश घराघरांतील मुलांच्या ओळखीचा झाला. हा मासा आणि त्याच्या सोबतीला डोलणारे प्रवाळ आपल्याच दिवाणखान्यात असावेत, अशी हौस अनेकांना असते. क्रॉफर्ड मार्केट किंवा कुर्ल्याच्या बाजारातून मासा घरी आणणे सोपे आहे. त्याला वर्षानुवर्षे जगविणे मात्र तितके सोपे नाही. महागडे दिवे आणि पंप घेऊनही अनेक पेट्या काही महिन्यांतच ओस पडतात. त्यामागील सर्वांत साधे कारण म्हणजे देखभालीतील अनियमितपणा होय.

लहान पेटी, मोठे चढउतार

समुद्राचे मोठेपण त्याच्या स्थैर्यात आहे. प्रवाळभित्तीच्या भागात पाण्याचे तापमान, खारटपणा आणि त्यातील क्षारांचे प्रमाण फार हळूहळू बदलते. तेथील जीवांची घडणच या स्थैर्यावर झालेली असते. दोनशे लिटरच्या काचपेटीत मात्र मूठभर जादा खाद्यही पाण्याचा कस बिघडवू शकते.

माशांची विष्ठा आणि उरलेले खाद्य कुजले की अमोनिया हा विषारी वायू पाण्यात मिसळतो. खडकांच्या छिद्रांत आणि वाळूत वाढणारे जिवाणू त्याचे आधी नायट्राइटमध्ये व नंतर तुलनेने कमी घातक अशा नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. हे जिवाणू पुरेसे वाढण्यास साधारण चार ते सहा आठवडे लागतात. म्हणूनच नव्या पेटीत पहिल्याच दिवशी मासे सोडणे म्हणजे त्यांना मृत्यूच्या दारात उभे करणे होय. जिवाणूंची ही वसाहत स्थिरावल्यानंतरही नायट्रेट साचत राहतेच. ते बाहेर काढणे आणि प्रवाळांनी वापरलेले क्षार पुन्हा भरून देणे, या दोन गोष्टींभोवतीच देखभालीचे सारे वेळापत्रक फिरते.

रोजची दहा मिनिटे

सकाळी सर्वप्रथम तापमापक पाहावा. प्रवाळांसाठी २५ ते २७ अंश सेल्सिअस तापमान योग्य मानले जाते. ते २९ अंशांच्या वर दीर्घकाळ राहिल्यास प्रवाळांच्या पेशींत राहणारे सहजीवी शैवाल बाहेर टाकले जाते. हेच शैवाल प्रकाशापासून अन्न तयार करून प्रवाळांना पुरविते. ते गेले की प्रवाळ पांढरे पडतात आणि उपासमारीने मरतात. १९९८ मध्ये लक्षद्वीप आणि मन्नारच्या आखातात समुद्र तापल्याने हेच घडले होते. समुद्रात जे एका ऋतूत घडते, ते बंद फ्लॅटमधील पेटीत मे महिन्याच्या दोन दुपारींत घडू शकते.

दुसरे काम उडून गेलेल्या पाण्याची भरपाई करण्याचे. बाष्पीभवनात केवळ पाणी उडते. मीठ मागेच राहते. दोनशे लिटरमधून चार लिटर पाणी उडाले, तर हजार भागांत ३५ भाग असलेला खारटपणा ३५.७ वर जातो. ही भरपाई खाऱ्या पाण्याने केली तर मीठ दिवसेंदिवस वाढतच जाईल. त्यामुळे रोजची भर नेहमी शुद्ध गोड्या पाण्याचीच घालावी. पेटीच्या काचेवर पाण्याच्या पातळीची खूण करून ठेवल्यास किती पाणी उडाले ते लगेच कळते.

खाद्य घालताना मासे दोन-तीन मिनिटांत संपवतील इतकेच घालावे. पंप फिरत आहेत ना, प्रोटीन स्किमरमध्ये फेस येत आहे ना, सर्व मासे दिसत आहेत ना, हेही त्याच वेळी पाहावे. एखादा मासा मेला आणि तो खडकाआड तसाच राहिला, तर लहान पेटीत एका रात्रीत अमोनिया वाढू शकतो.

आठवड्याचा एक वार

पाणी बदलण्यासाठी आठवड्यातील एक वार ठरवून टाकणे उत्तम. दर आठवड्याला दहा टक्के पाणी बदलावे, असा सर्वसाधारण ठोकताळा आहे. दोनशे लिटरच्या पेटीसाठी हे वीस लिटर, म्हणजे एक मोठी बादली होते. त्यात मत्स्यालयासाठीचे सागरी मीठ साधारण ७०० ते ७५० ग्रॅम लागते. मीठ आदल्या दिवशीच विरघळवून, पंपाने घुसळून, तापमान व खारटपणा पेटीइतका झाल्यावरच ते पाणी वापरावे. ताजे कालविलेले पाणी थेट ओतणे धोक्याचे असते. जुने पाणी काढताना तळाच्या वाळूतील गाळ नळीने ओढून घ्यावा.

त्याच दिवशी काच घासावी, स्किमरचा पेला धुवावा आणि पाण्याच्या चाचण्या करून तारखेसह वहीत नोंदवाव्यात. खारटपणा ३५, अल्कलिनिटी ८ ते ९ डीकेएच, कॅल्शियम ४०० ते ४५० पीपीएम आणि मॅग्नेशियम १२५० ते १३५० पीपीएम असावे. नायट्रेट दहा पीपीएमच्या आत असावे. एका दिवसाच्या आकड्यापेक्षा चार आठवड्यांच्या नोंदींतील कल अधिक बोलका असतो. अल्कलिनिटी आज सात, उद्या दहा अशी हेलकावे खात असेल, तर प्रवाळ आक्रसतात.

प्रवाळांचा सांगाडा कॅल्शियम कार्बोनेटचा असतो. वाढताना ते पाण्यातील कॅल्शियम आणि अल्कलिनिटी दोन्ही खर्च करतात. मऊ प्रवाळांच्या पेटीत ही झीज नियमित पाणी बदलून बहुधा भरून निघते. ती अधिक असल्यास शाळेच्या प्रयोगशाळेत पाहिलेली चुन्याची निवळी उपयोगी पडते. मात्र ही निवळी अतिशय तीव्र असल्याने रात्रीच्या वेळी थेंबाथेंबानेच सोडावी लागते. त्यासाठी शुद्ध कॅल्शियम हायड्रॉक्साइडच वापरावे; पानाच्या टपरीवरील चुना नव्हे.

महिन्याची आणि वर्षाची कामे

महिन्यातून एकदा कोळशाचे गाळण बदलावे आणि खारटपणा मोजणारे उपकरण प्रमाणित द्रावणाने तपासून घ्यावे. हे उपकरणच चुकीचे दाखवीत असेल तर बाकीची सारी मेहनत वाया जाते. दिव्यांच्या काचेवर बसलेले मिठाचे पांढरे थर पुसावेत, कारण त्यांनी प्रकाश अडतो. दोन-तीन महिन्यांनी पंप सोडवून व्हिनेगरच्या पाण्यात भिजत ठेवल्यास त्यांवरील चुनखडी सुटते. टी-५ प्रकारच्या नळ्या जळत असल्या तरी नऊ ते बारा महिन्यांत बदलाव्या लागतात. त्यांचा प्रकाश डोळ्यांना जाणवण्याआधीच प्रवाळांना अपुरा पडू लागतो.

खाडीचे पाणी, मिठागराचे मीठ

पश्चिमेला समुद्र आणि उत्तरेला वसईची खाडी असताना पाणी विकत का तयार करावे, असा प्रश्न भाईंदरमध्ये साहजिकच पडतो. खाडीलगतच्या पाण्यात गाळ व सांडपाणी मिसळलेले असते आणि पावसाळ्यात त्याचा खारटपणाही खूप उतरतो. हे पाणी पेटीत घालणे म्हणजे नायट्रेट आणि रोगजंतू स्वतःहून घरात आणणे होय.

मिठागरातील मीठही चालत नाही. समुद्राचे पाणी आटताना कॅल्शियमचे क्षार आधी तळाशी बसतात, मग मीठ धरते आणि मॅग्नेशियम बहुतांशी उरलेल्या पाण्यातच राहते. हाती येते ते मुख्यतः सोडियम क्लोराइड. ते स्वयंपाकाला उत्तम; परंतु त्यातून पुन्हा समुद्र तयार होत नाही.

गोडे पाणीही नळाचे थेट वापरू नये. त्यातील क्लोरीन जिवाणूंना मारते. घरगुती आरओ यंत्रे चवीसाठी थोडे क्षार पाण्यात शिल्लक ठेवतात. पेटीसाठी मात्र टीडीएस शून्याच्या जवळ लागतो. अशा शुद्धीकरणात प्रत्येक लिटरमागे तीन-चार लिटर पाणी बाहेर टाकले जाते. पाणीकपात ज्या शहराला नवी नाही, तेथे हे पाणी पिंपात साठवून लादी पुसण्यासाठी वा शौचालयासाठी वापरणे हेच शहाणपणाचे. पाणी बदलण्याचा वारही सोसायटीच्या पाण्याच्या वेळा पाहूनच ठरवावा.

वीज, पाऊस आणि धूर

पंप थांबले की पाण्यातील प्राणवायू घटू लागतो आणि मासे भरपूर असतील तर काही तासांतच घुसमटतात. १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबई महानगर परिसराची वीज भरदिवसा गेली. २६ जुलै २००५ च्या महापुरात तर अनेक उपनगरे दीर्घकाळ अंधारात होती. बॅटरीवर चालणारा एअर पंप, ही म्हणूनच चैन नसून गरज आहे. तो महिन्यातून एकदा चालवून पाहावा. मिठाचे पाणी विजेचे उत्तम वाहक असल्याने पेटीच्या जोडणीला गळती होताच वीज तोडणारा स्वीच असावा. वायरला प्लगच्या आधी खाली झोळ द्यावा, म्हणजे ओघळणारे पाणी प्लगपर्यंत पोहोचत नाही.

उन्हाळ्यात पाण्यावर पंख्याचा वारा सोडल्यास तापमान दोन-तीन अंशांनी उतरते. पावसाळ्यातील दमट हवेत मात्र बाष्पीभवन मंदावते व पंखा निष्प्रभ ठरतो. अशा वेळी चिलर किंवा वातानुकूलन यांना पर्याय राहत नाही.

डास मारण्यासाठी होणारी धूरफवारणी हा दुर्लक्षित राहणारा धोका होय. ही कीटकनाशके कोळंबी, खेकडे आणि मासे यांना अत्यल्प प्रमाणातही मारक असतात. फवारणीची गाडी आली की खिडक्या बंद कराव्यात आणि हवा खेचणारा स्किमर व एअर पंप तेवढ्यापुरते थांबवावेत. घरातील रंगकाम आणि पेस्ट कंट्रोलच्या वेळीही हीच खबरदारी घ्यावी.

गणपतीला वा मे महिन्यात कोकणात जाताना शेजाऱ्यांच्या हाती खाद्याचा डबा कधीही देऊ नये. रोजच्या मापाच्या पुड्या बांधून त्यांवर तारखा लिहून ठेवाव्यात. प्रेमापोटी घातलेले जास्तीचे खाद्यच परतल्यावर मेलेल्या माशांच्या रूपाने भेटते.

कायद्याची चौकट

वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार २००१ पासून सर्व कठीण प्रवाळ, काळे प्रवाळ, समुद्रपंखे आणि समुद्रघोडे यांना भारतात वाघाइतकेच, म्हणजे पहिल्या अनुसूचीचे संरक्षण मिळाले. मालवणच्या वा अन्य कोणत्याही किनाऱ्यावरून प्रवाळ किंवा प्रवाळ चिकटलेला खडक आणणे हा गुन्हा ठरतो. मुंबईच्या सागरी किनारा मार्गासाठी २०२० मध्ये हाजीअली व वरळी येथील प्रवाळ परवानगी घेऊन, शास्त्रज्ञांच्या देखरेखीखाली हलवावे लागले, यावरून या संरक्षणाचे गांभीर्य लक्षात यावे. आयात केलेल्या कठीण प्रवाळांनाही साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराची कागदपत्रे लागतात. त्यामुळे खरेदी करताना उगमाची पावती मागावी. समुद्रातून पकडलेल्या माशांऐवजी उबवणी केंद्रात वाढविलेला क्लाउनफिश घेणे अधिक श्रेयस्कर. तो पेटीतील जीवनाला सरावलेला असतो. आणि छंद सोडावासा वाटलाच, तर मासे दुसऱ्या हौशी व्यक्तीकडे सोपवावेत. उत्तनच्या समुद्रात वा खाडीत सोडू नयेत.

एका नजरेत

रोज : तापमान, गोड्या पाण्याची भर, मोजके खाद्य, पंप व माशांची पाहणी.
दर आठवड्याला : दहा टक्के पाणी बदल, काच व स्किमरची सफाई, चाचण्या व नोंदी.
दर महिन्याला : कोळसा बदल, उपकरणाची पडताळणी, दिव्यांची सफाई, बॅटरी पंपाची चाचणी.
दर तीन महिन्यांनी : पंप सोडवून धुणे.
सहा ते बारा महिन्यांनी : आरओची गाळणी व गरजेनुसार पडदा, टी-५ नळ्या बदलणे.