एकमेकींनी दिलेला एकांत

शाळा आणि इस्पितळं चालवणाऱ्या नन आपल्या ओळखीच्या असतात. उंच भिंतीआड राहून दिवसातला बहुतेक वेळ न बोलता घालवणाऱ्या ननशी मात्र आपली गाठ पडत नाही. त्यामुळे ती एकतर जगाला विटलेली असणार किंवा कोंडलेली, या समजुती कुणी तपासत नाही. या दोन्हींत मुख्य गोष्ट निसटते, असं मला वाटतं. बंदिस्त मठातलं मौन कुणा एकीच्या मालकीचं नसतं. शेजारच्या खोलीतली गप्प राहते म्हणून हिला एकांत मिळतो, आणि हिच्या गप्प राहण्यावर तिचा एकांत अवलंबून असतो. ही देवघेव ज्या मठात टिकली तिथे मौन फळलं. जिथे ती नव्हती तिथे मौनाची नुसती मुस्कटदाबी झाली.

स्पेनमधल्या आविलाच्या तेरेसाला हे नेमकं कळलं होतं. ती आधी ज्या एन्कार्नासिऑन मठात होती, तिथे दीडशेहून अधिक बायका राहत. श्रीमंत घरच्यांना स्वतंत्र दालनं, गरीब घरच्यांना सामाईक खोल्या. भेटीच्या दालनात पाहुण्यांचा राबता असे, आणि मठाला सगळ्यांचं पोट भरणं परवडत नसल्याने कित्येकजणी नातलगांकडे मुक्कामाला जात. १५६२ साली तेरेसाने त्याच गावात सान होसे हा छोटा मठ काढला, तेव्हा संख्या तेरावर बांधली. पुढे ही मर्यादा २१ झाली. रात्रीच्या प्रार्थनेपासून सकाळच्या प्रार्थनेपर्यंत संपूर्ण मौन, दिवसाकाठी दोन तास मूक प्रार्थना, आणि कामासाठी सामाईक खोली मुळीच नको, कारण एकत्र बसलं की बोलणं आलंच. पण याच नियमांत जेवणानंतर हातात टकळी घेऊन सगळ्यांनी मिळून मोकळेपणी बोलायची वेळही राखलेली आहे. एखादी संकटात किंवा मोहात सापडली, तर मठप्रमुखाच्या परवानगीने तिने दुसरीशी बोलावं, अशी सोय आहे. आणि झाडलोटीची पाळी मठप्रमुखापासूनच सुरू व्हावी, असं तेरेसाने लिहून ठेवलं आहे. मला हे कलम फार मोलाचं वाटतं. एकीच्या आरामासाठी दुसरी राबत असेल, तर त्या दुसरीला एकांत मिळणार कुठून? कामकरी भगिनींचा वेगळा वर्ग पुढेही तेरेसाच्या कार्मेल संघाच्या मठांत होताच. तेवढ्यापुरती ही समता अपुरी राहिली, हे मान्य करायला हवं.

दुसऱ्यांच्या सोबतीतला हा एकांत किती कष्टाचा असतो, ते फ्रान्समधल्या लिझ्यूच्या तेरेझने लिहिलं आहे. ती १८८८ साली, पंधराव्या वर्षी, मठात आली आणि १८९७ साली वारली. प्रार्थनेच्या वेळी तिच्या मागे बसणारी एक भगिनी सतत एक चमत्कारिक बारीक आवाज करी. वळून पाहावं, म्हणजे ती थांबेल, असं तेरेझला इतकं वाटे की स्वतःला आवरताना घाम फुटे. अखेर तिने तो आवाज टाळायचं सोडून मन लावून ऐकायला सुरुवात केली. जगाला विटून पळून आलेल्या माणसाला हे जमणारं नाही. माणसांचा सहवास इथे बाहेरच्यापेक्षा अधिक जवळचा, आणि त्यातून सुटका कमी.

सगळ्यांत जड आक्षेप सक्तीचा. पोप आठवे बोनिफेस यांनी १२९८ साली सर्व ननना कायमचं भिंतीआड ठेवण्याचा हुकूम काढला, ट्रेंटच्या धर्मसभेने १५६३ मध्ये तो पुन्हा कडक केला, आणि पुरुष संन्याशांवर असं बंधन कधी आलं नाही. हा अन्यायच होता. व्हेनिसमधली खानदानी घराणी हुंडा वाचवण्यासाठी मुलींना मठात टाकत. त्यांतलीच एक, आर्कांजेला ताराबोत्ती, हिने बापांच्या जुलमावर आगपाखड करणारा ग्रंथ लिहिला. तो तिच्या मृत्यूनंतर, १६५४ साली छापला गेला. पण ‘मठातला नरक’ हे पुस्तकही लिहिणाऱ्या या बाईने ‘मठातला स्वर्ग’ही लिहिला आणि १६४३ साली प्रसिद्ध केला. भिंत तीच, नियमही तेच. स्वतःहून आलेली आणि आणून टाकलेली यांच्यातला फरक तिने स्वतः भोगून जाणला होता, म्हणून तिची साक्ष मी सर्वांत वजनदार मानतो.

स्वेच्छेची खरी परीक्षा फ्रेंच राज्यक्रांतीने घेतली. १७९० साली व्रतं रद्द झाली आणि अधिकाऱ्यांनी कॉम्पिएन्यच्या कार्मेल मठात येऊन प्रत्येकीला वेगवेगळं विचारलं: बाहेर पडायचं आहे का? भगिनींनी राहणंच पसंत केलं. १७९२ मध्ये त्यांना मठातून काढलं, तेव्हा चार गटांत गावातल्या घरांमध्ये राहून त्यांनी आपली दिनचर्या चालू ठेवली. भिंत गेली, एकमेकींना दिलेला शब्द राहिला. १७ जुलै १७९४ रोजी पॅरिसमध्ये त्यांतल्या १६ जणींचा गिलोटिनखाली शिरच्छेद झाला.

गोव्यात उलट घडलं. आर्चबिशप मेनेझिस यांनी १६०६ मध्ये स्थापन केलेला जुन्या गोव्यातला सांता मोनिका मठ १८३४ नंतरच्या पोर्तुगीज धोरणाने पाडला नाही. नव्या मुलींना प्रवेश तेवढा बंद केला. १८८५ मध्ये शेवटची नन वारली आणि मठ संपला. इमारत आजही भक्कम उभी आहे.

असल्या आयुष्याचा समाजाला उपयोग काय, असं विचारणाऱ्यांना मी एवढंच म्हणेन की दुसऱ्याच्या शांततेची जबाबदारी रोज उचलणं ही दुर्मीळ गोष्ट आहे, आणि ती कुठेतरी जन्मभर चाललेली असणं मला मोलाचं वाटतं. आज युरोपात अनेक मठांत मोजक्या वृद्ध भगिनी उरल्या आहेत. २०१८ च्या व्हॅटिकनच्या नियमांनुसार कायमचं व्रत घेतलेल्या भगिनी पाचवर आल्या, की मठाचा आपला प्रमुख निवडण्याचा हक्क जातो. ज्यांनी सारी हयात तिथे काढली, त्यांना हा नियम जाचणारच. तरीही तो मला योग्य वाटतो: पाचजणींत दोघी अंथरुणाला खिळल्या, तर उरलेल्या तिघींना दिवसभर त्यांचंच करावं लागतं, आणि मौनाची पाळी सांभाळायला कुणीच मोकळं राहत नाही.