बारावा फोटो

मुलांनो, तुमच्या घरी कपाटाच्या वरच्या फळीवर एखादा जुना अल्बम असेल. काळी जाड पानं, मध्ये फडफडणारा पातळ कागद आणि कोपऱ्यांत अडकवलेले काळे-पांढरे फोटो. बहुतेक फोटोंत काय दिसतं? लग्न, मुंज, बारसं. सगळे अगदी ताठ उभे, जणू काही मुख्याध्यापक समोर आहेत!

आमच्या घरीही असा एक अल्बम आहे. माझ्या वडिलांकडे आग्फा क्लिक थ्री नावाचा साधा डबा-कॅमेरा होता. त्यात १२ फोटोंचा रोल बसायचा. बारा म्हणजे बाराच! १९८३ साली आत्याच्या लग्नात त्यांनी अकरा फोटो काढले. एक उरला. रोल संपल्याशिवाय धुवायला कसा द्यायचा? म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी पडवीत दळत बसलेल्या आजीकडे त्यांनी कॅमेरा वळवला. आजी म्हणाली, "अरे, माझा कसला फोटो काढतोस? लुगडं तरी बदलू दे." पण तोवर 'खट्' झालं होतं.

फोटो धुऊन आले तेव्हा सगळे हळहळले, "एक फुकट गेला!" कारण त्यात आजीचा चेहराच नव्हता. दिसत होतं ते फक्त जातं, खुंट्यावरचा तिचा हललेला हात, बाजूला सूप आणि तिरप्या उन्हात जात्याभोवती सांडलेलं पीठ.

आज ती पडवी नाही, जातं नाही आणि आजीही नाही. लग्नाचे अकरा फोटो आम्ही भराभर उलटतो. बाराव्यापाशी मात्र प्रत्येक जण थांबतो.

"बाई, आमच्या घरात काही नाही"

गेल्या वर्षी चौथीच्या वर्गाला मी हा फोटो दाखवला आणि म्हटलं, "घरातली रोजच्या वापरातली एक वस्तू निवडा. मोठ्यांना विचारून त्यांच्या फोनवर तिचा काळा-पांढरा फोटो काढा. ज्यांच्याकडे तसा फोन नाही त्यांनी वस्तूच शाळेत आणा. माझा फोन आहे."

मधल्या सुट्टीत एक मुलगी हळूच जवळ आली. म्हणाली, "बाई, आमच्या घरात फोटो काढण्यासारखं काहीच नाही."

"असं कसं, काहीतरी असेलच की," असं म्हणणं सोपं होतं. पण ती सगळं घर बघून आली होती आणि खरंच सांगत होती. मला पटकन उत्तर सुचलं नाही. दुसऱ्या दिवशी मी तिला एक जुनं चित्र दाखवलं.

इंग्लंडमध्ये विल्यम हेन्री फॉक्स टॅलबॉट नावाचे एक संशोधक होते. निगेटिव्हवरून कागदावर हव्या तितक्या प्रती काढायची रीत त्यांनी शोधून काढली. ते लॅकॉक ॲबी नावाच्या मोठ्या जुन्या वाड्यात राहायचे. एवढा वाडा हाताशी असताना १८४४ साली त्यांनी एक फोटो कशाचा काढला, ठाऊक आहे? एका उघड्या दाराचा आणि दाराला टेकवून ठेवलेल्या खराट्याचा! उन्हामुळे खराट्याची तिरपी सावली दारावर पडली आहे. आत अंधार आहे. बस्स, एवढंच. पण आज पावणेदोनशे वर्षांनंतरही जगभर लोक तो फोटो पाहतात.

त्या मुलीनं फोटो बराच वेळ पाहिला. मग म्हणाली, "बाई, हा खराटा तर आमच्यासारखाच आहे!"

दुसऱ्या दिवशी ती पिशवीतून ॲल्युमिनियमचं एक पातेलं घेऊन आली. जुनं, ठिकठिकाणी पोचे आलेलं.

लाल बादली कुठे गेली?

आम्ही ते नळाजवळच्या कट्ट्यावर ठेवलं. आधी साधा रंगीत फोटो काढला. काय झालं असेल? मागे लाल प्लॅस्टिकची बादली होती. फोटोत सगळ्यांची नजर आधी बादलीवर! पातेलं कुणाला दिसेचना. मग तोच फोटो काळा-पांढरा काढला. बादली करडी होऊन मागे गेली आणि पातेल्याचा एकेक पोचा उठून दिसायला लागला. प्रत्येक पोच्याच्या एका कडेला चकाकी, दुसऱ्या कडेला सावली. पोरं पोचे मोजायलाच लागली.

असं का झालं? रंग फार बडबडे असतात. वर्गात एखादा मुलगा मोठ्यानं बोलत असला की बाकीच्यांचा आवाज ऐकू येत नाही, तसंच. रंग गप्प झाले की उजेड, सावली, आकार आणि खडबडीतपणा यांना बोलायची संधी मिळते.

पूर्वी हे काम फिल्म करायची. फिल्मवर चांदीच्या क्षारांचा थर असतो. जिथे उजेड पडतो तिथे फिल्म धुताना चांदीचे बारीक काळे कण तयार होतात. म्हणून निगेटिव्हमध्ये उजेडाची जागा काळी आणि काळोखाची जागा पारदर्शक दिसते. कागदावर छापताना हे परत उलटं होतं आणि चित्र सरळ दिसतं. अगदी सुरुवातीच्या काचपट्ट्यांना तांबडा रंग जवळजवळ दिसतच नसे, म्हणून लाल वस्तू फोटोत काळ्या यायच्या.

आता हे काम फोन हिशेब करून करतो. प्रत्येक ठिपक्यात लाल, हिरवा आणि निळा उजेड किती, ते पाहून तो एक करडी छटा ठरवतो. त्यासाठी नेहमी वापरलं जाणारं एक सूत्र असं: १०० पैकी सुमारे ५९ गुण हिरव्याला, ३० लालला आणि फक्त ११ निळ्याला. हिरव्याला एवढे गुण का? कारण आपल्या डोळ्यांनाही हिरवा उजेड जास्त उजळ वाटतो.

नरसाळ्यातली मिरची

रोजच्या वस्तूंकडे असं बघणारे आणखीही फोटोग्राफर होऊन गेले. अमेरिकेतल्या एडवर्ड वेस्टन यांनी १९३० साली ढोबळी मिरचीचे फोटो काढले. मिरची कशी ठेवावी, यावर त्यांनी बरेच प्रयोग केले. शेवटी ती पत्र्याच्या नरसाळ्यात ठेवली. नरसाळ्याच्या आतल्या गोलाईवरून उजेड परतून मिरचीवर पसरला. तो फोटो बघताना वाटतं, ही मिरची आहे की पैलवानाची वळलेली पाठ?

प्राग शहरातले योसेफ सुदेक यांचा उजवा हात पहिल्या महायुद्धात गेला होता. तरी एका हातानं ते जड कॅमेरे सांभाळायचे. १९४० नंतर, शहर जर्मन सैन्याच्या ताब्यात असताना, ते आपल्या खोलीच्या खिडकीचे फोटो काढू लागले. कधी काचेवरची वाफ, कधी खिडकीत ठेवलेला पाण्याचा पेला. त्या एका खिडकीचे फोटो ते वर्षानुवर्षं काढत राहिले.

आपल्याकडे बडोद्याचे चित्रकार ज्योती भट्ट यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून गावोगाव हिंडून भिंतींवरची चित्रं आणि अंगणातल्या रांगोळ्या यांचे काळे-पांढरे फोटो काढले. रांगोळी तर दुसऱ्या दिवशी पुसलीच जाते. फोटोतली मात्र राहिली.

तुम्हीही करून बघा

१. एक कप, तीन उजेड. खिडकीजवळ चहाचा कप ठेवा. खिडकी आधी तुमच्या पाठीशी, मग बाजूला, मग कपाच्या मागे, असे तीन फोटो काढा. कप एकच, पण तीन वेगळे वाटतील.

२. टोमॅटो आणि मिरची. लाल टोमॅटो आणि हिरवी मिरची शेजारी ठेवा. कोण जास्त काळं दिसेल, ते आधी वहीत लिहा आणि मग फोटो काढा. अंदाज चुकला तर जास्त मजा!

३. तिरपा उजेड. संध्याकाळी अंधार पडल्यावर ताटलीत जाडं मीठ पसरा. बॅटरी आधी बरोबर वरून धरा, मग अगदी बाजूनं. बाजूच्या उजेडात मिठाचे डोंगर उभे राहतात. घोंगडी, सूप, शेणानं सारवलेली जमीन यांचे फोटो सकाळी लवकर किंवा ऊन कलल्यावर का काढायचे, ते आता तुम्हीच सांगा.

४. बाराचा नियम. आठवड्यात फक्त बाराच फोटो काढायचे. काढण्याआधी डोळे किलकिले करून वस्तूकडे बघा. रंग जरा मावळतात आणि उजेड-सावली स्पष्ट होते. फोन नसेल तर पुठ्ठ्याला काडेपेटीएवढं चौकोनी भोक पाडा, त्यातून बघा आणि पेन्सिलीनं चित्र काढा. अभ्यास तोच होतो.

आणि पालकांनो, तुमच्यासाठीही एक विनंती. फोनची जागा भरली की आपण शेकडो फोटो एकदम पुसतो. त्यांत मुलानं काढलेला किटलीचा किंवा चपलेचा 'फालतू' फोटो असेल, तर तो आधी त्याला विचारा. वर्षाला एक-दोन तरी कागदावर छापून घ्या.

पातेल्याचा फोटो मी छापून वर्गात लावला. त्या मुलीनं घरी जाऊन आजीला पोच्यांबद्दल विचारलं होतं. सगळ्यांत मोठा पोचा मामानं पाडला म्हणे. लहानपणी तो पातेलं डोक्यावर घालून पोलीस झाला होता आणि ओट्यावरून पडला. दुसरा पोचा घर बदलताना पडला, टेम्पोतून पातेलं घरंगळलं तेव्हा. आई पाच वर्षांची असल्यापासून ते घरात आहे, हे तिला फोटोमुळेच कळलं.

वर्ष संपल्यावर फोटो मी तिला देऊन टाकला. देताना तो उलटा करून पाहिला. मागे पेन्सिलीनं लिहिलं होतं : 'आमचं पातेलं. पोचे ७.'