भूजलाचा वजन-आलेख

बालरोगतज्ज्ञ या नात्याने मी बालकाच्या वजनाचा आलेख आधी पाहतो. उतरती रेषा आजाराची पूर्वसूचना देते. ‘नासा’तील जलशास्त्रज्ञ मॅथ्यू रोडेल यांनी भूजलाचा असाच आलेख मांडला. मार्च २००२ मध्ये सोडलेले ‘ग्रेस’ हे जुळे उपग्रह सुमारे २२० किलोमीटर अंतर राखून पृथ्वीप्रदक्षिणा करीत. खालच्या पाण्याचे वस्तुमान बदलले की गुरुत्वाकर्षण बदले व त्या अंतरात सूक्ष्म फरक पडे. त्यावरून रोडेल व सहकाऱ्यांनी २००९ मध्ये दाखविले की, राजस्थान, पंजाब, हरियाणा व दिल्ली येथील १०९ घनकिलोमीटर भूजल सहा वर्षांत घटले. पाऊस जवळपास सरासरीइतकाच होता. मुख्य कारण सिंचनासाठीचा उपसा. हवामानबदलाने पाऊस लहरी होत असता भूजल हीच आपली शिदोरी आहे. उपशास आवर आणि पुनर्भरण, दोन्ही उपचार एकत्रच हवेत.